अपवर्तक दुर्बिणीतील रंगदोष आणि त्यावरचा उपाय

(विजयदुर्ग येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर या गावी आले, तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यांच्या भिंगांपुढे लोलक बसवलेले होते, कारण सूर्याच्या वातावरणाचा प्रकाश रंगांत विभागला गेला तरच त्यातील मूलद्रव्ये ओळखता येतात. त्यांनी मुद्दाम घडवलेले हे विभाजन साध्या भिंगात मात्र नको असताना घडते, आणि अपवर्तक, म्हणजे भिंगांच्या, दुर्बिणीचा इतिहास हा बराचसा ते आवरण्याचा इतिहास आहे.

गॅलिलिओच्या १६०९ च्या दुर्बिणीत पुढे बहिर्गोल वस्तुभिंग आणि डोळ्याकडे अंतर्गोल नेत्रिका होती. प्रतिमा सरळ दिसे, पण दृष्टिक्षेत्र फार अरुंद. केप्लरने १६११ मध्ये दोन्ही भिंगे बहिर्गोल घेण्याची रचना मांडली. तिच्यात प्रतिमा उलटी दिसते, क्षेत्र मात्र मोठे मिळते. आपल्या बंदरात खलाशांच्या हाती दिसणारी जोडदुर्बीण बहुधा याच रचनेची असते. आतले लोलक प्रतिमा सरळ करतात.

रंगदोष, म्हणजे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर एकवटणे, दोन्हींत सारखाच. क्राउन नावाच्या साध्या काचेच्या १००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या एकाच भिंगात निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे १६ मिलिमीटर अलीकडे एकवटतो, म्हणून चंद्राच्या कडेला जांभळट झालर दिसते. लांब नळीत ही झालर फिकी पडते, म्हणून खगोलशास्त्रज्ञ हेवेलियसने दीडशे फूट लांबीची दुर्बीण उभारली, तर न्यूटनने हा दोष असाध्य मानून आरशाचा मार्ग धरला.

न्यूटनचा निष्कर्ष चुकीचा होता. चेस्टर मूर हॉल या इंग्रज वकिलाने १७३० च्या सुमारास दोन काचांचे भिंग करवून घेतले आणि जॉन डॉलंडला १७५८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. यातील युक्ती मला फार सुंदर वाटते. बहिर्गोल भिंगाला अंतर्गोल भिंग जोडले तर रंगांबरोबर किरण एकवटण्याची शक्तीही नाहीशी होईल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण फ्लिंट ही दुसऱ्या जातीची काच प्रकाश जेवढा वाकवते त्या मानाने रंग फार जास्त फाकवते. त्यामुळे एकूण शक्ती १०० हवी असेल, तर क्राउनच्या बहिर्गोल भिंगाला सुमारे २२९ आणि फ्लिंटच्या अंतर्गोल भिंगाला सुमारे १२९ शक्ती देतात. रंगांचा फाकाव परस्परांना छेदतो आणि शंभराची शक्ती शिल्लक राहते. शिवाय पृष्ठभागांच्या वक्रता योग्य निवडल्या, तर भिंगाच्या कडेचे किरण मधल्या किरणांच्या अलीकडे एकवटण्याचा दोष, म्हणजे गोलीय विपथन, हेही याच जोडीत आटोक्यात येते.

अशा अ‍ॅक्रोमॅटमध्ये, म्हणजे दोन काचांच्या जोडभिंगात, दोन रंग एकत्र येतात, बाकीचे किंचित मागेपुढे राहतात. १००० मिलिमीटरला हा फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. फ्लोराइट स्फटिक किंवा तत्सम, रंग कमी फाकवणारी काच वापरून अ‍ॅपोक्रोमॅट तीन रंग एकत्र आणतो, पण तो महाग पडतो. नव्याने आकाश पाहणाऱ्याने ८० मिलिमीटर व्यासाचा, लांब नळीचा अ‍ॅक्रोमॅट घ्यावा, असे माझे मत आहे. तोकड्या नळीत रंगाची झालर अधिक ठळक होते. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते आणि ती लेपासकट काच खाते, म्हणून पावसाळ्यात दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी आणि पुड्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्यात.