खुंट, धुमारे आणि हक्क : कोरड्या प्रदेशांतील वनसंशोधनाविषयी

या व्याख्यानासाठी आयोजकांनी ‘वृक्षलागवड आणि हवामानबदल’ असा विषय सुचवला होता. त्यातला ‘लागवड’ हा शब्द काढावा, अशी विनंती मी केली आणि त्यांनी ती मान्य केली, याबद्दल मी आभारी आहे. लागवडीला माझा विरोध नाही. कामाची पहिली कित्येक वर्षे मी रोपे लावण्यात आणि मोजण्यातच घालवली. पण कोरड्या प्रदेशांतल्या झाडांनी आणि तिथल्या माणसांनी मला पुढे जे शिकवले, ते त्या एका शब्दात मावत नाही.

आधी आपण कोणत्या प्रदेशाविषयी बोलतो आहोत, ते स्पष्ट करते. कोरडा प्रदेश म्हणजे वाळवंट नव्हे. वर्षभरात पडणाऱ्या पावसाला, त्या हवेत जमिनीतून आणि वनस्पतींतून जितके पाणी उडून जाऊ शकते त्याने भागले आणि उत्तर ०.६५ पेक्षा कमी आले, तर तो प्रदेश कोरडा मानतात. पृथ्वीवरील जमिनीचा सुमारे ४१ टक्के भाग या व्याख्येत बसतो आणि दोनशे कोटींहून अधिक लोक तिथे राहतात. या प्रदेशांत झाडे नाहीत, असा समज माझ्या विद्यार्थिदशेत सर्रास होता आणि आमच्या विषयातही तो काही प्रमाणात शिरलेला होता. २०१७ साली बारीक उपग्रहचित्रांवरून मोजणी झाली, तेव्हा आधीच्या अंदाजांत धरलेच गेले नव्हते असे सुमारे ४६.७ कोटी हेक्टर जंगल कोरड्या प्रदेशांत आढळले. २०२० साली पश्चिम आफ्रिकेतील सहारा आणि त्याच्या दक्षिणेचा निमकोरडा साहेल या पट्ट्यात, १३ लाख चौरस किलोमीटरांवर, संगणकाच्या साहाय्याने एकेक झाड मोजले गेले आणि ती संख्या १८० कोटींच्या वर गेली. ही झाडे नव्याने उगवलेली नव्हती. दाट छत्र असेल तरच जंगल, असे मानायची आपल्या नजरेला सवय झाली होती, आणि तीस-चाळीस पावलांवर एक झाड असलेली जमीन त्या नजरेला उजाड दिसत होती.

ती नजर माझीही होती. आमच्या पहिल्या रोपवनाची जागा झुडपांनी भरलेली होती. आम्ही ती झुडपे तोडून जमीन साफ केली, ओळीत खड्डे घेतले, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतली रोपे लावली आणि पहिला उन्हाळा टँकरने पाणी घातले. वर्षाअखेरच्या मोजणीत बहुतेक रोपे जिवंत होती. अहवाल चांगला झाला, निधी संपला, पाणी थांबले. तिसऱ्या वर्षी मी पुन्हा गेले, तेव्हा ओळींच्या जागी वाळलेल्या काड्या उभ्या होत्या. त्यातली एक मी मुळासकट उपटली. ती सहज हातात आली. सोटमूळ पिशवीच्या तळाशी जसे गोल फिरले होते तसेच, पिशवीच्या मापाचे, गुंडाळलेलेच होते. तीन वर्षांत ते एक वीतही खाली उतरले नव्हते. वर पाणी मिळत होते तोवर त्याला खाली जाण्याचे कारण नव्हते, आणि कारण निर्माण झाले तेव्हा वेळ उरली नव्हती. त्याच रोपवनाच्या कडेला, आम्ही तोडलेल्या झुडपांच्या खुंटांना मात्र कमरेइतके धुमारे फुटलेले होते, त्यांना कोणी थेंबभर पाणी घातले नसताना.

मी ज्याला झुडूप समजले होते, ते झाड होते. वर्षानुवर्षे तोडले जाऊन आणि चरले जाऊन ते गुडघ्याएवढे राहिले होते, पण जमिनीखाली त्याची मुळे शाबूत होती. कोरड्या प्रदेशातल्या झाडाचा मोठा संसार जमिनीखालीच असतो. बोत्स्वानातील कलहारीत एका झाडाची मुळे ६८ मीटर खोल गेलेली आढळली आहेत. अशी मुळे असलेल्या खुंटाशी रोपवाटिकेतले सहा महिन्यांचे रोप बरोबरी करू शकत नाही.

हे माझ्या आधी पुष्कळांनी ओळखले होते. १९८३ साली दक्षिण नायजरमध्ये, माराडीजवळ, टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ रोपांनी भरलेली गाडी घेऊन चालले होते. वाळूत चाके रुतू नयेत म्हणून टायरमधली हवा कमी करायला ते थांबले, तेव्हा शेजारचे झुडूप त्यांनी निरखून पाहिले आणि ते तोडलेल्या झाडाच्या खुंटावरचे फुटवे आहेत हे त्यांच्या लक्षात आले. आजूबाजूची शेते अशा खुंटांनी भरलेली होती. त्यानंतरच्या दोन दशकांत शेतकऱ्यांनी आपल्या शेतांतले फुटवे राखून नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे पुन्हा उभी केली, असा अंदाज आहे. त्यांत हौसा भाषेत ‘गाओ’ म्हणतात ते झाड महत्त्वाचे आहे. ते पावसाळ्यात पाने गाळते आणि कोरड्या ऋतूत हिरवे होते. त्यामुळे पीक उभे असताना त्याची सावली पडत नाही, जमिनीला नत्र मिळते, आणि चारा संपतो त्याच महिन्यांत गुरांना शेंगा मिळतात.

फुटवे राखणे ऐकायला सोपे वाटते. हाताने करताना त्यात बरेच बघावे लागते. मला ते एका वयस्क शेतकरीण बाईंनी शिकवले. एका खुंटाला वीस-बावीस धुमारे होते. मी सर्वांत उंच आणि जाड धुमारा धरून हा ठेवू या म्हटले. त्यांनी मान हलवली. तो खुंटाच्या माथ्यावरून फुटला होता. माथा पुढे कुजतो आणि वारा सुटला की असा धुमारा बुंध्यातून निखळतो. त्यांनी माती बोटांनी बाजूला करून अगदी जमिनीलगत फुटलेले पाच धुमारे निवडले, बाकीचे विळ्याने काढले आणि ठेवलेल्यांच्या बाजूच्या फांद्या निम्म्या उंचीपर्यंत साफ केल्या. काढलेल्यांची मोळी त्या दिवसाच्या सरपणाला गेली. दरवर्षी एकेक काढायचा आणि शेवटी एक किंवा दोन ठेवायचे, म्हणजे झाड मोठे होईपर्यंत सरपण चालूच राहते. मोळी बांधता बांधता त्यांनी मला विचारले, हे झाड मोठे झाल्यावर कोणाचे? त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते.

माझ्या पुढच्या सगळ्या कामाची दिशा त्या प्रश्नाने बदलली. नायजरमध्ये वसाहतकाळापासून चालत आलेल्या कायद्याने झाडे सरकारची होती. स्वतःच्या शेतातले झाड तोडायलाही परवानगी लागत असे आणि ती नसेल तर दंड होई. अशा ठिकाणी शहाणा शेतकरी झाड मोठे होण्याआधीच उपटतो, कारण मोठे झाड म्हणजे स्वतःच्या जमिनीवर दुसऱ्याचा ताबा. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून या नियमांची अंमलबजावणी सैल होत गेली, राखलेले झाड आपले राहील असे लोकांना वाटू लागले, आणि तेव्हा फुटवे राखण्याची पद्धत एका गावातून दुसऱ्या गावात आपोआप पसरली. बियाणे किंवा खते यांपेक्षा हा विश्वास अधिक निर्णायक ठरला, असे माझे ठाम मत आहे.

टांझानियातील शिन्यांगा भागाचा अनुभव याच्याशी जुळतो. तिथल्या सुकुमा लोकांत ‘न्गितिली’ नावाची जुनी रीत आहे: पावसाळ्यात काही कुरण बंद ठेवायचे आणि कोरड्या महिन्यांत ते गुरांना उघडायचे. झाडीत राहणाऱ्या आणि माणसांत व गुरांत रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीच्या निर्मूलनासाठी झालेली झाडतोड, आणि पुढे १९७० च्या दशकातली गावांची सक्तीची फेरवसाहत, यांत ही रीत मोडली आणि जमीन उघडी पडली. १९८६ पासून सरकारी कार्यक्रमाने तिलाच आधार दिला आणि पुढच्या काळात लाखो हेक्टर बंद कुरणे पुन्हा उभी राहिली. तज्ज्ञांनी तिथे नवे काही आणले नाही. लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अडवणे त्यांनी थांबवले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या विषयाची आहे. कोरड्या प्रदेशांसाठी उत्तम म्हणून वेडी बाभूळ जगभर नेली गेली. ती तगते, हे खरेच होते. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६१ पासून तिची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. केनियात बारिंगो सरोवराच्या परिसरात ती १९८० च्या दशकात आणली गेली. गुरे तिच्या गोड शेंगा खातात, बी पोटातून जाऊन शेणातून पसरते आणि कुरणाची जागा काटेरी जाळी घेते. बारिंगोच्या पशुपालकांनी तर गोड शेंगांनी शेळ्यांचे दात किडून पडतात, अशी तक्रार न्यायालयापर्यंत नेली. झाड जगले, पण ज्या गवतावर माणसे जगत होती ते गेले. आमच्या तक्त्यांत जिवंत झाडांचा रकाना होता, गवताचा नव्हता.

हवामानाचा विचार करताना ही सावधगिरी आणखी लागते. कोरडी जमीन फिकट असते आणि सूर्यप्रकाश परत फेकते. तिच्यावर गडद पानांचे दाट रोपवन उभे केले तर ती अधिक उष्णता शोषते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, कोरड्या प्रदेशांत मोठ्या प्रमाणावर रोपवने केली तर शोषलेल्या कार्बनचा बराचसा लाभ या परिणामाने खर्ची पडतो. पाण्याचेही तसेच आहे. बुर्किना फासोमध्ये झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भूजलाचे भरण सर्वाधिक कुठे आढळले, तर दाट झाडीत नाही आणि उघड्या जमिनीवरही नाही, तर विरळ, मध्यम झाडीत. मुळे आणि पालापाचोळा माती सच्छिद्र करतात, म्हणून पाणी मुरते. झाडे फार झाली की मुरलेले पाणी तीच उडवून टाकतात. शेतकरी शेतात झाडे विरळ ठेवत आले, त्याला आम्ही अनेक वर्षे झाडांविषयीची अनास्था म्हणत होतो. त्यांचा हिशेब आमच्यापेक्षा बरोबर होता, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून हवामानबदलाशी जुळवून घेणे याचा अर्थ मी आता फार साध्या शब्दांत मांडते: पाऊस हुकलेल्या वर्षी त्या घराला काय विकावे लागले? गुरे, जमीन की नुसत्या शेंगा आणि सरपण? हे त्या वर्षी तिथे जाऊन, घरातल्या बाईला आणि पुरुषाला वेगवेगळे विचारून, लिहून घ्यावे लागते. तीन वर्षांच्या प्रकल्पात दुष्काळ येईलच असे नाही, त्यामुळे हा प्रश्न बहुतेक प्रकल्पांत विचारलाच जात नाही. तरुण संशोधकांना माझे सांगणे एवढेच आहे की निधी संपल्यावरही एखादी जागा सोडू नका. स्वतःच्या खर्चाने जावे लागले तरी जा.

माझ्याकडे अशी एक जागा आहे, तेच जुने रोपवन. लावलेल्या रोपांपैकी तिथे आता काही उरलेले नाही. खुंटांवरची झाडे राखायचे गावाने ठरवले, आणि फांद्या कोणी, कधी, किती तोडायच्या हे वनखात्याकडून लेखी करून घेतले. त्यांच्याखाली शेजारच्या, अधिक कोरड्या पट्ट्यातून आणलेले त्याच जातीचे बी आम्ही थेट जमिनीत पेरले आहे, पुढच्या पन्नास वर्षांची उष्णता ते अधिक सोसेल या आशेने. पहिली दोन वर्षे त्याची वाढ स्थानिक बियांपेक्षा मंद होती आणि गावकऱ्यांना ते पसंत नाही. त्यांचे म्हणणे खरे की माझे, हे ठरायला मधे एक मोठा दुष्काळ जावा लागेल. येत्या पावसाळ्यानंतर पुढची मोजणी आहे आणि या वेळी फीत आणि वही गावातल्या दोन मुली सांभाळणार आहेत.