रोलर टोकाला की टेकूला?

नमस्कार. बोलायला सुरुवात करण्याआधी ही एक वस्तू पहिल्या रांगेत देतो. हातोहात शेवटपर्यंत जाऊ द्या आणि मग टेबलावर परत येऊ द्या. इंजिनाचा व्हॉल्व्ह उघडणारी तरफ, म्हणजे रॉकर, ज्यावर डोलतो तो हा बॉल. अर्ध्या गोटीसारखा आकार, मधून स्टडसाठी, म्हणजे रॉकरला धरणाऱ्या उभ्या खुंटीसाठी, भोक. त्याचा रंग बघा, निळसर जांभळा आहे. पोलाद निळं पडायला 300 अंशांच्या आसपास तापावं लागतं. इंजिनातलं ऑइल एवढं कधीच तापत नाही. मग हा बॉल तापला कशानं? माझं आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

विषय असा दिलाय की हाय-लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, कॅमशाफ्ट टाकल्यावर कंपनीचे रॉकर ठेवायचे की चाक किंवा बेअरिंग लावलेले रोलर रॉकर घ्यायचे. तुम्ही सगळे इंजिन उघडणारे आहात, त्यामुळे कॅम म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. फक्त शाळेतली तरफ एकदा आठवा. टेकू मध्ये, एका बाजूला बल, दुसऱ्या बाजूला भार. कॅमनं उचललेला पुशरॉड नावाचा दांडा एका टोकाला वर ढकलतो, दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबतं. रॉकरचा रेशो, म्हणजे त्याच्या दोन बाजूंच्या लांबीचं प्रमाण, 1.5 असेल तर कॅमच्या लोबवरची, म्हणजे उंचवट्यावरची, 8 मिलिमीटर उचल व्हॉल्व्हवर 12 होते. हा गुणाकार सगळ्यांना पाठ असतो. बलाचा गुणाकार मात्र फारसं कुणी करत नाही. पूर्ण उघडलेल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग 150 किलोनं वर रेटत असेल, तर पुशरॉडला दीडपट, म्हणजे 225 किलोनं ढकलावं लागतं. दोन्ही बलं वरच्या दिशेनं. मग त्यांना खाली धरून कोण ठेवतं? टेकू. टेकू म्हणजे हा बॉल, त्याच्यावर 375 किलो. व्हॉल्व्हच्या टोकावर 150 आणि टेकूवर 375! आणि आपण रोलर म्हटलं की आधी टोकाकडे बघतो.

कंपनीच्या रॉकरला मी नावं ठेवणार नाही, कारण ती फार हुशारीची चीज आहे. पाँटियाकमधल्या क्लेटन लीच या इंजिनिअरची ही कल्पना. 1955 साली पाँटियाक आणि शेव्हरोले, दोघांच्याही नव्या व्ही-8 इंजिनांत ती आली. त्याआधी बहुतेक रॉकर एका लांब शाफ्टवर ओवलेले असायचे. लीचनं प्रत्येक रॉकरला स्वतःचा स्टड दिला, रॉकर प्रेसखाली पत्र्यातून काढला, वर बॉल आणि नट. वजन कमी, खर्च कमी, टॅपेट सेट करायला एक पाना पुरे. लाखो इंजिनं त्यावर धावली. पण त्या काळच्या कॅमची लिफ्ट 10 मिलिमीटरच्या आतबाहेर आणि स्प्रिंगा मऊ. रॉकरला हलायला स्टडभोवती जी लांबट खाच ठेवली, ती तेवढ्याच हिशेबानं. या खाचेवर मी परत येणार आहे.

त्याआधी हात वर करा बरं. रंग आवडला म्हणून रोलर रॉकर कुणी कुणी घेतलेत? लाल, निळे, सोनेरी? ... मागे अजून चार हात अर्धे वर आहेत, दिसतायत मला. छान दिसतात ते, खरंच. पण त्यावर टॅपेट कव्हर बसतं हो!

मी घेतले ते साध्या चंदेरी रंगाचे होते. तो किस्सा सांगतो, कारण हा बॉल तिथलाच आहे. मी हाय-लिफ्ट कॅम टाकलेलं ते पहिलंच व्ही-8. लोबची उचल 8.7, रेशो 1.5, म्हणजे व्हॉल्व्हला 13 मिलिमीटर. स्प्रिंगा अर्थातच कडक. रॉकर घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "रोलर टिपवाले घ्या, हाय-लिफ्टचा प्रश्नच मिटला." मीही घेतले. रोलर हा शब्द ऐकला आणि पुढे काही विचारलं नाही. त्या रॉकरला टोकाशी चाक होतं, टेकूला मात्र तोच जुना बॉल आणि तीच जुन्या मापाची खाच.

पहिले काही दिवस गाडी सुरेख चालली. कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले हायड्रॉलिक टॅपेट थोडीफार ढिलाई आतल्या आत भरून काढतात, म्हणून कळलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एक टॅपेट वाजायला लागलं. कव्हर काढलं, एका एक्झॉस्टचा नट ढिला वाटला, पाव फेरा आवळला, आवाज बंद. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा पाव फेरा. तीनदा झालं तेव्हा एका अनुभवी मेकॅनिकनं टॅपेटच खराब म्हणून सांगितलं. पूर्ण सेट बदलला. ऑइल बदललं. आठवडाभर शांतता आणि मग पुन्हा टिक-टिक-टिक.

एका रात्री मी ठरवलं की आता काहीही बदलायचं नाही, फक्त बघायचं. सगळे प्लग काढले, क्रँकच्या बोल्टला पाना लावला आणि बॅटरीच्या उजेडात इंजिन हातानं हळूहळू फिरवत बसलो. तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण खाली जायच्या जरा आधी पान्याला हाताला जाणवेल असा जडपणा आला. रॉकर काढला. स्टडच्या कडेला नखाएवढी चकचकीत चंद्रकोर. खाच संपत होती आणि तिची कड स्टडवर आपटत होती, दर उघडझापेला. मग स्टडांच्या रांगेवर एक सरळ पट्टी आडवी ठेवली. पट्टी डुलली. तो एक स्टड शेजाऱ्यांपेक्षा मिलिमीटरभर वर आला होता! त्या हेडमध्ये स्टड आट्यांचे नव्हते, दाबून बसवलेले होते. रॉकर त्याला थोडा थोडा उपटत होता आणि मी दर चार दिवसांनी नट आवळून तो उपटायला मदत करत होतो. टॅपेट बिचारे निर्दोष. आणि टेकूवरच्या त्या सगळ्या भाराखाली घासून घासून बॉल हा असा, निळा. चाक मात्र अगदी नव्यासारखं, त्याच्यावर ओरखडाही नाही.

मला राग त्या दुकानदाराच्या मालाचा नाही. माल सांगितला तसाच होता, टोकाला चाक होतंच. राग आहे तो एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू विकण्याचा. टोकाला चाक असलेला रॉकर आणि टेकूला सुई-बेअरिंग, म्हणजे सुयांसारख्या बारीक रोलरांचं बेअरिंग, असलेला रॉकर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घेताना एवढंच विचारा की रोलर कुठे आहे. आणि कारखान्यांनी काय केलं तेही बघा. 1997 साली जनरल मोटर्सचं एलएस-1 हे व्ही-8 इंजिन आलं. रेशो 1.7. टेकूला कंपनीकडूनच सुई-बेअरिंग आणि टोक साधं, बिनचाकाचं. त्यांनी हिशेब करून पैसा टेकूवर घातला. (पुढे लोकांनी फार कडक स्प्रिंगा टाकल्यावर त्याच सुया निसटायला लागल्या आणि कांस्याच्या बुशी आल्या. ती वेगळी गोष्ट आहे, पण भार कुठे असतो हे तिथेही दिसतं.)

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता भराभर सांगावं लागणार.

व्हॉल्व्हची लिफ्ट साडेअकरा-बारा मिलिमीटरपर्यंत आणि स्प्रिंगा माफक असतील, तर कंपनीचे रॉकर ठेवा. नवे बॉल, भरपूर ऑइल, आणि जो बॉल ज्या रॉकरचा त्याच्यातच राहू द्या, जोड्या मोडू नका. पण इंजिन हातानं फिरवून दोन्ही टोकांना, व्हॉल्व्ह बंद असताना आणि पूर्ण उघडा असताना, खाच आणि स्टड यांच्यामध्ये दीड मिलिमीटरची तार जाते का बघा. सोळाही रॉकर बघा. तार गेली नाही तर लांब खाचेचे रॉकर मिळतात, ते घ्या. त्यापुढे, 13 च्या घरात, कडक स्प्रिंगांसोबत, पूर्ण रोलर रॉकर, म्हणजे टेकूला बेअरिंग आणि टोकालाही चाक असलेले, आणि आट्यांचे स्टड एकत्रच घ्या. मधला रोलर टिपचा पर्याय मी कुणाला सुचवत नाही.

आता पुशरॉडची लांबी, आणि हे घाईत सांगावं लागतंय याचं मला वाईट वाटतं. टेकूपासून चाकाच्या मध्यापर्यंत 36 मिलिमीटर धरा, लिफ्ट 13. निम्मी लिफ्ट झाली असताना रॉकरची ही रेघ व्हॉल्व्हच्या दांड्याशी काटकोनात आली, तर चाक त्या दांड्याच्या टोकावर जेमतेम 0.6 मिलिमीटर आडवं सरकतं. तोच काटकोन व्हॉल्व्ह बंद असताना आला, तर 2.4. चौपट! एवढा आडवा रेटा व्हॉल्व्ह गाइडला, म्हणजे दांडा ज्यात सरकतो त्या नळीला, खातो आणि त्याला टोकाचं चाक वाचवत नाही. कॅम पुन्हा ग्राइंड करून लिफ्ट वाढवली असेल तर बेस सर्कल, म्हणजे लोबचा उंचवटा सोडून उरलेला गोल भाग, लहान झालेलं असतं, हेड घासलं असेल तर उंची बदललेली असते, म्हणजे जुनी पुशरॉड बसेलच असं नाही. कमीजास्त होणारी तपासणीची पुशरॉड आणि हलकी स्प्रिंग लावा, व्हॉल्व्हच्या दांड्याच्या टोकावर मार्कर फासा, इंजिन दोन फेरे फिरवा. रेघ अरुंद आणि मधोमध आली की ती लांबी मोजून त्या मापाच्या पुशरॉड मागवा.

1.6 रेशोचे घेणार असाल तर लोबच्या त्याच 8.7 वर व्हॉल्व्हची उचल 13 वरून जवळपास 14 वर जाते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत शेवटी जागा उरते का, रिटेनर, म्हणजे स्प्रिंग धरणारी वाटी, सीलला लागतो का, पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांत इनटेकला 2 आणि एक्झॉस्टला 2.5 मिलिमीटर आहेत का, हे मोजल्याशिवाय सेल्फ मारू नका. या रेशोत पुशरॉड स्टडच्या जवळ येतो, हेडच्या भोकाला घासत नाही ना तेही बघा. गाइड प्लेट, म्हणजे पुशरॉड सरळ ठेवणारी पट्टी, असेल तर पुशरॉड हार्डन केलेल्याच हव्यात. आणि ज्या रॉकरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी कड असते, जे आपले आपण व्हॉल्व्हवर सरळ राहतात, ते गाइड प्लेटसोबत कधीही लावू नका, दोघं एकमेकांशी भांडतात. टॅपेट कव्हरची उंचीही आधी बघून घ्या, लॉक नट कव्हरला आतून लागतात.

अॅल्युमिनियम की पोलाद, हे राहिलं. रोज चालवायच्या गाडीला मी पोलादी लावतो, कारण लाखो फेऱ्यांनंतर अॅल्युमिनियम थकतं. बाकी प्रश्न बाहेर चहाच्या वेळी विचारा, मी थांबणार आहे.

बॉल आला का परत? हो, आला. त्याच्या शेजारी तो स्टडही ठेवलाय. जाताना चंद्रकोरीवरून नख फिरवून बघा, अडकतं.