शर्यतीच्या बळावर उभी राहिलेली कंपनी

१० ऑक्टोबर १९०१ रोजी, अमेरिकेतील डेट्रॉइट शहरालगत ग्रोस पॉइंट येथे, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात मोटारी धावणार होत्या. मुख्य शर्यतीत दोनच स्पर्धक उतरले. एक होते क्लीव्हलँडचे नामवंत मोटार उत्पादक अलेक्झांडर विंटन आणि दुसरे हेन्री फोर्ड, ज्यांची पहिली कंपनी त्याच वर्षाच्या सुरुवातीला बंद पडली होती आणि ज्यांना शर्यतीचा कसलाही अनुभव नव्हता.

शर्यत १० मैलांची होती. विंटन सुरुवातीलाच पुढे गेले, कारण वळणे घेताना फोर्ड मागे पडत. फोर्ड यांचे सहकारी स्पायडर हफ गाडीच्या पायरीवर उभे होते. प्रत्येक वळणावर ते बाहेर झुकून, केवळ आपल्या अंगाच्या भाराने गाडीचा तोल सावरत होते. पुढे विंटन यांच्या गाडीचे बेअरिंग तापले, धूर निघू लागला आणि फोर्ड यांनी त्यांना मागे टाकून शर्यत जिंकली.

बक्षीस १,००० डॉलरचे होते, पण माझ्या मते त्याहून मोलाची होती ती पत. मोटार हे तेव्हा नवखे, बेभरवशाचे यंत्र होते आणि ते किती टिकते याची सर्वांसमक्ष होणारी परीक्षा म्हणजे शर्यत. दोन महिन्यांच्या आत भांडवलदारांनी पैसा घातला आणि हेन्री फोर्ड कंपनी स्थापन झाली. मतभेदांमुळे फोर्ड काही महिन्यांतच बाहेर पडले. त्याच कंपनीतून पुढे कॅडिलॅक ही मोटार कंपनी उभी राहिली.

१९०२ साली फोर्ड यांच्या ‘९९९’ या गाडीने पुन्हा विंटन यांना हरवले. चालक होते सायकलपटू बार्नी ओल्डफिल्ड, ज्यांनी गाडी चालवणे नुकतेच शिकून घेतले होते. १९०३ साली फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली. जानेवारी १९०४ मध्ये गोठलेल्या सेंट क्लेअर सरोवरावर कोळशाची राख पसरून फोर्ड यांनी स्वतः ताशी ९१.३७ मैलांचा विक्रम केला. तो महिनाभरही टिकला नाही, तरी कंपनीचे नाव वर्तमानपत्रांतून सर्वदूर पोहोचले.

१९०९ च्या न्यूयॉर्क ते सिएटल शर्यतीत फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही गाडी पहिली आली आणि कंपनीने या विजयाची धूमधडाक्यात जाहिरात केली. वाटेत इंजिन बदलल्याचे पुढे उघड झाले आणि विजेतेपद काढून घेण्यात आले, पण तोवर ही गाडी घरोघरी माहीत झाली होती.