मायलोचा धंदा आणि स्नोडनचं मॉर्फिन

नमस्कार मंडळी. आज जोसेफ हेलरच्या ‘कॅच-२२’ मधल्या माणसांबद्दल बोलायचंय. गोष्ट सांगत नाही बसणार, कारण ती सरळ सांगताच येत नाही, काळ सारखा मागेपुढे होत राहतो, आणि हे पुस्तक अर्ध्यात सोडलेले जे लोक मला इथे पुण्यात भेटतात त्यांची तक्रार एकच असते की नावंच इतकी आहेत, कोण कुठला तेच लक्षात राहत नाही. तक्रार खरी आहे. ४२ प्रकरणं, बहुतेक प्रकरणांना माणसांचीच नावं, आणि पन्नासेक पात्रं तर सहज असतील. पण माझं म्हणणं असं आहे की या पुस्तकात निव्वळ विनोदी असं एकही पात्र नाहीये. एका प्रकरणात ज्याच्यावर आपण पोट धरून हसतो, त्या हसण्याचं बिल दहा प्रकरणांनंतर दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर फाटतं, आणि म्हणून ही माणसं सुटी सुटी वाचायची नाहीत, एकमेकांना लावून वाचायची.

आधी थोडं पार्श्वभूमीचं. दुसरं महायुद्ध, इटलीजवळचं पियानोसा नावाचं बेट, तिथे अमेरिकन बॉम्बर विमानांचा तळ. बेट खरं आहे, एल्बाच्या जवळ, तळ मात्र काल्पनिक. हेलर स्वतः बी-२५ विमानावर बॉम्बार्डियर, म्हणजे नेम धरून बॉम्ब टाकणारा, होता, कॉर्सिका बेटावरून त्याने ६० उड्डाणं केली, कादंबरी आली १९६१ साली. आणि हे युद्ध आपल्यापासून फार लांबचं होतं असं समजू नका, ज्या १९४४ च्या उन्हाळ्यात ही काल्पनिक विमानं इटलीवर उडतायत त्याच उन्हाळ्यात, १० जुलैला, टायबरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढता लढता गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना, माणगावकडचे होते, वय फक्त २२. म्हणजे त्या जमिनीवर मराठी बोलणारी पोरं होती.

आता माणसांकडे येऊ. मधोमध उभा आहे कॅप्टन योसारियन, बॉम्बार्डियर, याचं म्हणणं साधं की लोक मला मारायला बघतायत. मित्र क्लेव्हिंजर म्हणतो अरे ते सगळ्यांनाच मारायला बघतायत, त्यावर हा विचारतो मग त्याने काय फरक पडला? आणि त्याच्या डोक्यावर कर्नल कॅथकार्ट. वरच्या हेडक्वार्टरचं म्हणणं असं की ४० उड्डाणं झाली की माणूस घरी जाऊ शकतो, पण कॅथकार्टला जनरल व्हायचंय, पेपरात फोटो यायला हवाय, म्हणून तो आकडा वाढवत राहतो, ५०, ५५, ६०, शेवटी ८०. आणि गंमत बघा, ४० झाली की जाता येतं पण जायलाच पाहिजे असं नाही, आणि कमांडरचा हुकूम मात्र मानायलाच पाहिजे. वेडा असशील तर विमानात बसायचं नाही, पण तसं मागायला हवं, आणि मागितलंस की तू शहाणा, चल बस विमानात. हा नियम सगळ्यांना माहीत आहे, ‘कॅच-२२’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाला, त्यावर जास्त बोलत नाही.

हा नियम योसारियनला समजावून सांगतो तो डॉक डनीका, तळावरचा डॉक्टर, आणि माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात नीट बघण्यासारखं पात्र हेच. सारखी रड, स्वतःची प्रॅक्टिस बुडाल्याची रड. त्याला विमानाची भीती वाटते पण उड्डाणभत्ता हवाय, म्हणून तो मॅकवॉट नावाच्या पायलटला सांगून ठेवतो की दर महिन्याला तुझ्या यादीत माझं नाव टाकत जा. टाकतो तो. आपण हसतो, कारण अशी माणसं आपण ऑफिसात बघितलेली असतात. मग एक दिवस मॅकवॉट गंमत म्हणून समुद्रावर अगदी खालून विमान नेतो आणि तराफ्यावर उभ्या असलेल्या किड सॅम्पसन या पोराचे पंख्याने तुकडे होतात, सगळे किनाऱ्यावरून बघतायत, आणि मॅकवॉट विमान सरळ डोंगरावर घालतो. यादीत नाव आहे डॉक डनीकाचं. तो तिथेच वाळूत उभा आहे, सांगतोय की मी इथे आहे, आणि शेजारचा एक सार्जंट विनवतोय की ते विमानातून उडी का मारत नाहीत.

तिथून पुढे तो मेलेला. पगार बंद, रेशन बंद, त्याचेच दोन मदतनीस त्याला सांगतात तुम्ही गेलात. बायकोला तार जाते, ती आकांत करते, मग याचं पत्र पोचतं की मी जिवंत आहे, ती आनंदाने कळवते तर वॉर डिपार्टमेंटचं उत्तर येतं की कुणीतरी तुमच्या नवऱ्याच्या नावाने खोटं पत्र लिहिलंय. आणि मग विम्याचे पैसे, पेन्शन, एकामागून एक चेक सुरू होतात. शेवटी कर्नलचं सांत्वनाचं पत्र, ते छापील आहे, श्री. अथवा श्रीमती अथवा कुमारी, तुमचे पती, मुलगा, वडील किंवा भाऊ मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले त्याचं मला वैयक्तिक दुःख आहे, अशा थाटाचं. ते मिळाल्यावर बाई मुलांना घेऊन घर बदलते आणि नवा पत्ता मागे ठेवत नाही. हे वाचताना मला दर वेळी नोव्हेंबरातली आपली बँक आठवते, समोर धडधडीत उभा असलेला माणूस हयातीचा दाखला भरून देतोय आणि त्याच्या असण्यापेक्षा त्या कागदाला जास्त किंमत आहे.

डनीकाच्या शेजारी मडला ठेवून बघा. मड हा योसारियनच्या तंबूतला मेलेला माणूस, म्हणजे त्याचं सामान. तो तळावर आला, ऑर्डरली रूममध्ये, म्हणजे तळाच्या कचेरीत, नाव नोंदवायच्या आधीच त्याला विमानात बसवलं आणि दोन तासांत ऑर्व्हिएटोवर तो मेला. आलाच नाही अशी नोंद, त्यामुळे गेला असंही नोंदवता येत नाही, त्यामुळे त्याच्या वळकटीला कुणी हात लावायचा नाही. एक जिवंत माणूस कागदावर मेलेला, एक मेलेला माणूस कागदावर कधी नव्हताच. खडकीच्या वॉर सिमेट्रीत जाऊन आला असाल तर तिथले दगड आठवा, नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख आणि काही दगडांवर अगदी खाली घरच्यांनी सुचवलेली एखादी ओळ. मडच्या वाट्याला त्या दगडावरचं यातलं काहीच येऊ शकत नाही, आणि हेलर हे सगळं विनोदाच्या चालीत सांगून टाकतो.

मेजर मेजरबद्दल थोडक्यात सांगतो, तो लोकांना फार आवडतो म्हणून. बापाने नावच मेजर ठेवलं, आडनाव मेजर, मधलं नावही मेजर, मग आयबीएमच्या मशीनने त्याला मेजर करून टाकलं. तो ऑफिसात असेपर्यंत कुणाला आत सोडायचं नाही आणि तो खिडकीतून बाहेर पडला की सोडायचं, असा त्याचा हुकूम. भाबडा आहे, एकटा आहे, वाईट वाटतं त्याचं. पण ज्या माणसाने पोरांचं गाऱ्हाणं वर न्यायचं तोच खिडकीतून पळतोय हे विसरू नका. योसारियन त्याला खंदकात गाठतो, मला घरी जायचंय म्हणून सांगतो, आणि उत्तर मिळतं की मी काहीच करू शकत नाही.

आता मायलो माइंडरबाइंडर. हा मेस ऑफिसर. सात सेंटला अंडी घेतो, पाच सेंटला मेसला विकतो आणि तरी नफ्यात, कारण माल्टामध्ये त्याला अंडी विकणाराही तोच असतो. प्रत्येकाचा कंपनीत हिस्सा आहे म्हणतो, आणि वागायला इतका सज्जन की राग येत नाही. इजिप्तचा सगळा कापूस उचलतो, तो विकला जात नाही म्हणून चॉकलेटात बुडवून खायला घालायला बघतो. जर्मनांशी करार करून स्वतःच्याच तळावर बॉम्ब टाकवतो, माणसं मरतात, बोंब होते, मग तो वह्या उघडून नफा दाखवतो आणि सगळे गप्प.

मग येतो स्नोडन. याला जवळजवळ काहीच संवाद नाहीत, तरुण गनर, अविन्योंवरच्या उड्डाणात तो विमानाच्या मागच्या भागात जखमी होऊन पडलाय. पहिल्या पानांपासून त्याचा उल्लेख तुकड्या तुकड्यांनी येतो, नीट सगळं कळतं ते शेवटाकडे, ४१ व्या प्रकरणात. योसारियन मांडीची जखम बघतो, रक्त थांबवायला टर्निकेटचा पट्टा बांधतो, जंतुनाशक सल्फा पावडर टाकतो, सगळं शिकवल्यासारखं, मनाशी खूशही होतो की जमतंय. पोरगं एवढंच म्हणतंय थंडी वाजतेय, थंडी वाजतेय. मॉर्फिन द्यावं म्हणून योसारियन फर्स्ट एडची पेटी उघडतो तर १२ च्या १२ मॉर्फिन गायब, त्या जागी सुबक अक्षरातली चिठ्ठी, कंपनीचं भलं ते देशाचं भलं, सही मायलो. आणि खरी जखम मांडीला नसतेच, फ्लॅक सूटच्या, म्हणजे अंगावरच्या चिलखती जाकिटाच्या, आत असते, तो सूट उघडतो तेव्हा आतडी बाहेर सांडतात.

त्या चिठ्ठीशी मी दर वेळी थांबतो. आधीची चारशे-एक पानं आपण मायलोच्या अंड्यांवर हसलोय ना? ते हसू तिथे आपल्या घशात अडकतं, आणि हेलरने ते मुद्दाम केलंय, कारण तेच त्याला म्हणायचंय. स्नोडनच्या दफनाच्या वेळी योसारियन नागडा झाडावर बसलेला असतो, अंगावरच्या कपड्यांना त्या पोराचं रक्त लागलं म्हणून त्याला आता युनिफॉर्म नकोय, आणि मायलो त्याच झाडावर चढून त्याला चॉकलेटचा कापूस चाखायला देतो. पहिल्यांदा वाचताना हे वेडगळ वाटतं. ४१ वं प्रकरण वाचून परत मागे जा आणि मग वाचा.

असंच आर्फीचं. जाडा, पाइप ओढणारा, कॉलेजातल्या मित्रमंडळाच्या गप्पा मारणारा नेव्हिगेटर, विमानात योसारियन ओरडतोय आणि याला ऐकूच जात नाही, हसायला येतं. रोममध्ये तो एका मोलकरणीवर बलात्कार करतो आणि तिला खिडकीतून खाली टाकून देतो. पोलीस जिन्यावरून धडधडत वर येतात, आर्फीची माफी मागतात आणि पकडतात योसारियनला, पासशिवाय रोममध्ये आला म्हणून.

आणि ऑर, योसारियनचा तंबूतला सोबती, पात्रांमध्ये माझा सगळ्यात लाडका. बुटका, दात पुढे, बारक्या बारक्या स्क्रूंशी तासन्‌तास खेळत स्टोव्ह दुरुस्त करणारा, जवळजवळ दर उड्डाणात विमान पाण्यात पाडणारा पायलट. याच्याबरोबर कुणी बसू नका म्हणून सगळे हसतात. तो मात्र दर वेळी सराव करत असतो, तराफा कसा वल्हवायचा, कच्चा मासा कसा पकडायचा, आणि बोलोन्यानंतर गायब झालेला हा माणूस शेवटी स्वीडनला पोचल्याची बातमी येते. इतरांचे विनोद दुसऱ्यांना महागात पडतात, ऑरच्या विनोदाने मात्र कुणाचं काही जात नाही, तो एकटाच सुटतो आणि योसारियनलाही बरोबर चल म्हणून सुचवत होता, याला कळलं नाही.

योसारियन पळपुटा आहे का, हा प्रश्न इथे नक्की येणार, तर माझं मत सांगून टाकतो. नाहीये. ७० उड्डाणं करून झालेत त्याची. कर्नल लोक त्याला सरळ घरी पाठवायला तयार असतात, अट एकच, आम्ही तुला आवडतो असं म्हण, आमचं कौतुक कर. तो हो म्हणतो, मग हॉस्पिटलात पडल्या पडल्या स्नोडन आठवतो आणि तो नाही म्हणतो. सोपा रस्ता घरी जायचा होता, त्याने पकडलाय तो अवघड, ऑरसारखा पळून जायचा, मागे पोलीस आणि दाराआड चाकू घेऊन नेटली या त्याच्या मित्राची प्रेयसी, नेटलीच्या मरणाची बातमी याने सांगितली म्हणून ती याच्या जिवावर उठलेली.

सभागृहात लष्करातून निवृत्त झालेले बरेच जण दिसतायत, पुण्यात तसं असणारच. माझं बोलून झालंय, आता तुमच्याकडून ऐकायचंय, विशेषतः ऑर्डरली रूम सांभाळणाऱ्या सार्जंट टाउझरबद्दल, जो डॉक डनीकाला समोर बघतो, ओळखतो आणि तरी मेल्याची नोंद तशीच ठेवतो. हेलर त्याला दुष्ट दाखवत नाही. तुम्ही ऑर्डरली रूम आतून बघितली आहे, त्या टेबलाशी बसलेला माणूस त्या वेळी खरंच काही करू शकला असता का, यावर आधी कुणी बोलणार असेल तर माइक पाठवतो.