उन्हातलं ट्रायथलॉन आणि शेवटचे सातशे मीटर

श्रोतेहो, नमस्कार.

मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यासमोर कोझुमेल नावाचं एक बेट आहे. १८ सप्टेंबर २०१६ रोजी तिथे जागतिक ट्रायथलॉन मालिकेची त्या वर्षातली शेवटची शर्यत होती. दीड किलोमीटर पोहायचं, पाण्यातून बाहेर पडून चाळीस किलोमीटर सायकल मारायची आणि सायकल ठेवली की लगेच दहा किलोमीटर धावायचं. हवा गरम होती आणि दमट होती. ब्रिटनचा जॉनी ब्राउनली सगळ्यांच्या पुढे होता आणि ही शर्यत जिंकली की वर्षाचं जगज्जेतेपद त्याच्या पदरात पडणार होतं. अंतिम रेषा उरली होती जेमतेम सातशे मीटर.

आणि तिथे त्याचे पाय वाकडेतिकडे पडायला लागले. रस्ता सरळ होता, पण हा एका कडेकडून दुसऱ्या कडेला जात होता. शेवटी तो बाजूला कलला आणि जवळपास थांबलाच. मागून दोघं येत होते. एक दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन आणि दुसरा जॉनीचा सख्खा मोठा भाऊ, अलिस्टर. शूमन पुढे निघून गेला आणि जिंकला. अलिस्टरने भावाचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला, त्याला अक्षरशः ओढत रेषेपर्यंत आणला आणि स्वतःच्या आधी पलीकडे ढकललं. जॉनी दुसरा, अलिस्टर तिसरा. वर्षभराच्या शर्यतींतल्या गुणांवर ठरणारं जगज्जेतेपद चार गुणांनी स्पेनच्या मारिओ मोलाकडे गेलं. जॉनीला रुग्णालयात न्यावं लागलं.

ती दृश्यं जगभर पाहिली गेली. तुमच्यापैकी अनेकांनीही मोबाइलवर पाहिली असतील. भावाभावांच्या प्रेमाचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण शर्यतीनंतर अलिस्टर जे बोलला, ते फार कमी लोकांच्या लक्षात राहिलं. तो भावावर वैतागलेला होता. त्याचं म्हणणं असं, की याने वेग नीट सांभाळला असता तर शेवटचे दोन किलोमीटर सावकाश पळूनही हा जिंकला असता. आणि स्वतःबद्दल त्याने सांगितलं, की मी तिसऱ्या क्रमांकावर निवांत होतो, कारण मी हवामान बघून पळत होतो. हे बोलणारा माणूस महिन्याभरापूर्वीच रिओ ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलेला होता. आणि २०१० साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये तो स्वतः असाच रेषेजवळ कोसळला होता, पुढे असताना दहावा आला होता. म्हणजे बोलणं अनुभवाचं होतं.

मला आज त्या वैतागाबद्दल बोलायचं आहे. कारण आपल्याकडे, पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात, मुंबईत, गोव्यात, ट्रायथलॉन करणारी माणसं आता खूप झाली आहेत. बँकेत काम करणारे, डॉक्टर, पोलीस, शिक्षिका. आणि आपल्याला ज्या हवेत शर्यत करावी लागते ती बहुतेक वेळा कोझुमेलसारखीच असते.

आधी शरीरात काय होतं ते सांगते. आपण जी ऊर्जा खर्च करतो तिचा चौथा हिस्सा, फार तर, हालचालीला लागतो. बाकी सगळी उष्णता होते. सत्तर किलो वजनाचा माणूस ताशी दहा किलोमीटर वेगाने धावला, तर तासाला सातशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात आणि त्यातल्या पाचशेहून जास्त नुसती उष्णता असते. ही उष्णता बाहेर गेलीच नाही असं समजा, तर दर सहा-सात मिनिटांना शरीराचं तापमान एक अंशाने वाढेल. सदतीसवरून चाळीसच्या वर जायला अर्धा तासही लागणार नाही. आपण वाचतो ते घामामुळे. एक लिटर घाम त्वचेवरून उडून गेला, तर पाचशे ऐंशी कॅलरी घेऊन जातो.

पण तो उडाला पाहिजे, हनुवटीवरून खाली टपकला तर त्याचा काही उपयोग नाही. माठाचंच बघा ना. विदर्भात मे महिन्यात माठातलं पाणी कसं गार लागतं! तोच माठ रत्नागिरीत किंवा पणजीत ठेवा, पाणी कोमट राहतं, कारण तिथल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की माठाचा ओलावा उडत नाही. आपल्या कातडीचंही तसंच होतं. म्हणून नागपूरचे चाळीस अंश आणि गोव्याचे तेहतीस अंश यांची तुलना नुसत्या आकड्यांनी करू नका. शर्यतींचे वैद्यकीय अधिकारीसुद्धा साधं तापमान बघत नाहीत. ते ओल्या फडक्याच्या तापमापीचं, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याचं आणि सावलीतल्या हवेचं अशी तीन मापं एकत्र करतात, आणि त्यात ओल्या तापमापीचा वाटा सत्तर टक्के धरतात. आर्द्रतेचं वजन एवढं मोठं आहे.

ट्रायथलॉनचं आणखी एक वैशिष्ट्य आहे, जे नुसतं धावणाऱ्याला कळत नाही. तीन टप्प्यांत उष्णता तीन वेगळ्या तऱ्हांनी वागते.

पाण्यात उतरलं की आपल्याला वाटतं, चला, आता तरी गारवा. पण पाणी कोमट असेल तर तिथेही शरीर तापतं. घाम येतो, पाण्यातच मिसळतो, उडण्याचा प्रश्नच नाही. २०१० साली संयुक्त अरब अमिरातीत फुजैरा इथे खुल्या समुद्रातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत फ्रॅन क्रिपेन हा अमेरिकन जलतरणपटू पोहता पोहता गेला. तरुण होता, जागतिक दर्जाचा होता. पाणी अतिशय गरम होतं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने अशा शर्यतींसाठी पाण्याच्या तापमानाची वरची मर्यादा एकतीस अंश ठरवली. आपला अरबी समुद्र थंडीच्या देशांतल्या समुद्रासारखा नाही, त्यामुळे वेटसूटचा, म्हणजे पोहताना अंग गरम ठेवणाऱ्या रबरी पोशाखाचा, तर विचारच नको.

मग सायकल. आणि खरी फसगत इथे होते. तीस-पस्तीसच्या वेगाने सायकल चालली, की तेवढाच वारा अंगावर येतो. घाम सुकतो, कपडे कोरडे राहतात, मस्त वाटतं. मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके आवाक्यात दिसतात. ऊन पाठीवर असतंच, पाणी अंगातून जातच असतं, पण ते जाणवत नाही. मग गडी जोर लावतो. ठरवलेल्यापेक्षा पाच-दहा वॉट जास्त, चढावर उभा राहून. आणि ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याच्या जागी, सायकल रॅकला लावून, बूट घालून तो पळायला लागतो, तेव्हा वारा एकदम बंद होतो. दहाच्या वेगाने धावणाऱ्याला वारा मिळतो तो दहाचाच. पहिल्या किलोमीटरलाच अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं. ठोके दहा-पंधराने वर जातात आणि वर राहतात, कारण रक्त स्नायूंनाही हवं असतं आणि थंड होण्यासाठी त्वचेलाही, आणि घामाने ते कमी झालेलं असतं.

गोव्यात मिरामारला ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिल्यांदा ७०.३ अंतराची, म्हणजे एकूण ७०.३ मैलांची, आयर्नमॅन शर्यत झाली. एक पूर्णांक नऊ किलोमीटर समुद्रात, नव्वद किलोमीटर सायकल, एकवीस किलोमीटर धावणं. पाऊस नुकताच सरलेला, जमीन ओली, आकाश मोकळं, म्हणजे ऑक्टोबर हीट. हौशी माणूस सायकलवरून उतरतो तेव्हा ऊन चांगलं चढलेलं असतं. मी त्या किनाऱ्यावर लोकांना पाहिलं आहे. पळण्याच्या पहिल्या फेरीत जे अगदी हळू वाटतात, टोपीत बर्फ घालतात, पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबून डोक्यावर पाणी ओततात, चार पावलं चालतात आणि पुन्हा पळायला लागतात, तेच शेवटच्या फेरीत एकेकाला मागे टाकत असतात. आणि ज्यांनी घरी कागदावर लिहून आणलेला वेग सोडला नाही, ते पायात गोळे येऊन दुभाजकावर बसलेले दिसतात. कागदावरचा वेग डिसेंबरच्या पुण्यातला असतो. तो मिरामारला चालत नाही, आणि तो सोडून देण्यात कसलाही कमीपणा नाही. माझ्या मते उन्हातल्या शर्यतीचं सगळ्यात अवघड कौशल्य हेच आहे. दम आहे, पाय चालताहेत, पुढचा माणूस नजरेच्या टप्प्यात आहे, आणि तरीही स्वतःला मागे धरायचं. याला ताकद लागते. मागे राहिल्याचं कौतुक कोणी करत नाही, म्हणून जास्तच लागते.

आपल्या या खेळाची प्रसिद्धीच मुळी एका कोसळण्यातून झाली. फेब्रुवारी १९८२, हवाईतलं आयर्नमॅन. ज्युली मॉस नावाची कॉलेजात शिकणारी मुलगी महिलांमध्ये पहिली होती. रेषेच्या अगदी जवळ येऊन तिचे पाय गेले. ती पडली, उठली, परत पडली. कॅथलीन मकार्टनी तिला मागे टाकून जिंकली आणि ज्युली हातापायांवर रांगत रेषेपलीकडे गेली. अमेरिकन दूरचित्रवाणीवर ते दिसलं आणि हजारो लोकांना वाटलं, हे मला करायचं आहे. तिच्या जिद्दीपुढे मी मान झुकवते. पण तेव्हापासून रांगणं हेच या खेळाचं चित्र होऊन बसलं, आणि आमच्या नव्या मुलामुलींना वाटायला लागलं की कोसळलो नाही म्हणजे जीव तोडून केलंच नाही. हे मला मान्य नाही.

त्यापेक्षा २०२१ सालचं टोकियो ऑलिंपिक बघा. उकाड्यामुळे मॅरेथॉन तर थेट उत्तरेला साप्पोरोला नेली होती, आणि ट्रायथलॉन सकाळी साडेसहाला सुरू केलं. त्याआधी दोन वर्षं ट्रायथलॉनच्या त्याच जागी झालेल्या चाचणी शर्यतीत महिलांचं धावणं उकाड्यामुळे दहावरून पाच किलोमीटरवर आणावं लागलं होतं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं सुवर्ण कोणी जिंकलं? नॉर्वेच्या क्रिस्टियन ब्लुमेनफेल्टने, एक तास पंचेचाळीस मिनिटं चार सेकंदांत. हा माणूस बर्गेनचा, म्हणजे थंड आणि पावसाळी गावचा! पण त्याने आणि त्याच्या प्रशिक्षकांनी उष्णतेची तयारी मन लावून केली होती. धावताना तो शेवटच्या फेरीपर्यंत इतरांबरोबर राहिला, तेव्हा कुठे सुटला. रेषा ओलांडल्यावर तोही जमिनीवर पडला, ओकला. पण रेषा ओलांडल्यावर.

ही तयारी आपल्यालाही करता येते. शरीर उष्णतेला सरावतं, साधारण दहा ते चौदा दिवसांत. रोज तासभर गरम हवेत, हलक्या वेगाने. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुरू होतो, घामातलं मीठ कमी होतं, तोच वेग कमी ठोक्यांत जमतो. सराव थांबला की काही आठवड्यांत हे ओसरतं. आपले बरेच जण वर्षभर पहाटे पाचला सराव करतात आणि शर्यतीत भर उन्हात पळतात. शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे तरी नऊ-दहाच्या उन्हात पळा, सोबत कोणीतरी घ्या, आणि पहिल्या दिवशी अर्ध्या तासावर थांबा. रक्तदाबाच्या किंवा दुसऱ्या काही गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाण्याचं गणितही घरीच करा. धावण्याआधी कपडे काढून वजन, तासाभराने अंग पुसून परत वजन. अर्धा लिटर पाणी प्यायला असाल आणि एक किलो वजन घटलं, तर तुमचा घाम दीड लिटर. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. तो सगळा भरून काढायला जाऊ नका, पोट एवढं घेत नाही. आणि नुसतं पाणी पितच राहिलात तर रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. इलेक्ट्रॉल, लिंबू-मीठ-साखर, जे सरावात पोटाला मानवलं तेच शर्यतीत घ्या.

आता एक शेवटचं, आणि हे मी रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्यांसाठी सांगते आहे. नवरा पळतोय, बहीण पळतेय, मित्र पळतोय म्हणून आलेल्यांसाठी. तुमचं माणूस तिरकं पळायला लागलं, प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायला लागलं, उगाच चिडलं, भर उन्हात थंडी वाजते म्हणालं, तर "थोडंच राहिलंय, चल" असं ओरडू नका. त्याला थांबवा. घाम येतोय म्हणजे ठीक आहे असं समजू नका. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम येत असतो. स्वयंसेवकाला हाक मारा, सावलीत न्या, कपडे सैल करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. वैद्यकीय तंबूत बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर गळ्यापर्यंत त्यात बसवा आणि डोकं धरून ठेवा. टब नसेल तर मिळेल तेवढं गार पाणी सगळ्या अंगावर ओतत राहा, ओल्या कपड्याने आणि बर्फाने मान, काखा, जांघा थंड करा, वारा घाला. रुग्णवाहिकेला फोन लगेच करा, पण ती येईपर्यंत हात थांबवू नका. आधी अंग गार करायचं, मग रुग्णालयात न्यायचं, हाच क्रम जगभरचे क्रीडावैद्यक पाळतात, कारण पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो.

नमस्कार.