मधल्या खोलीतला देश

(खसब बंदर, पहाट. इंजिनांचा आवाज तसाच ठेवायचा.)

होडी धक्क्याला लागायच्या आधीच बकऱ्यांचा आवाज येतो. एक पोरगा त्यांना एकेक करून वर देतो, दुसरा मोजून घेतो.

हे खसब. ओमानच्या मुसंदम द्वीपकल्पावरचं बंदर. होड्या आल्यात समोरच्या इराणमधून. बकऱ्या उतरवायच्या, सिगारेटची खोकी आणि घरसामान भरायचं, ताडपत्री आवळायची आणि परत निघायचं. इराणवर निर्बंध आले, वाढले, सैल झाले, पुन्हा आले. या होड्या येतच राहिल्या.

(वरून दिसणारे उघडे कडे, निळं पाणी, दूर तेलवाहू जहाज.)

होर्मुझची सामुद्रधुनी. सगळ्यात अरुंद जागी रुंदी जेमतेम ३३ किलोमीटर. २०२४ मध्ये जगाला रोज लागणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा इथून गेला. इथं जहाजांना आखून दिलेल्या वाटा ओमानच्या पाण्यातून जातात. ज्याच्या दारातून असा रस्ता जातो, त्याला शेजाऱ्याशी अबोला धरून चालत नाही. ओमानचं परराष्ट्र धोरण समजून घ्यायचं तर राजधानी मस्कतच्या मंत्रालयाआधी हा धक्का बघावा, असं आम्हाला वाटतं.

(मस्कतमधला मत्राहचा बाजार. धुपाटण्यातून निघणारा धूर, जवळून.)

हा लोबान धोफारचा. ओमानच्या दक्षिणेकडचा डोंगराळ मुलूख. १९६५ पासून तिथं सुलतानाविरुद्ध बंड पेटलं होतं. २३ जुलै १९७० रोजी काबूस बिन सईद यांनी वडिलांना बाजूला सारून गादी घेतली. त्या वर्षापर्यंत इथल्या बाजारात रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी छापलेले रुपये चालत. काबूस यांचे आजोबा, सुलतान तैमूर, १९६५ मध्ये वारले तेही मुंबईतच.

धोफारचं बंड मोडायला सैन्य पाठवलं ते इराणच्या शाहानं. पुढं १९७९ मध्ये शाहाचीच सत्ता उलथली. मस्कतनं तेहरानशी संबंध तोडले नाहीत. त्याच वर्षी इजिप्तनं इस्राएलशी तह केला, बहुतेक अरब देशांनी कैरोकडं पाठ फिरवली, ओमाननं नाही. इराण-इराक युद्धाची आठ वर्षं दोन्हीकडच्यांना मस्कतचं दार उघडं राहिलं. दोन्ही डगरींवर हात ठेवणारा देश, असा ठपका ओमानवर आजही येतो. आम्हाला तो मान्य नाही. हात काढून घेणं सोपं असतं, ठेवायला सोसावं लागतं.

(मत्राहचा किनारा, संध्याकाळ. लाकडी गलबतं, मागं किल्ला.)

विश्वास असा थोडाथोडा साठत गेला. २०१० आणि २०११ मध्ये इराणच्या तुरुंगातले तीन अमेरिकन तरुण सुटले, ते ओमानच्या खटपटीनं. सुटल्यावर त्यांचं विमान आधी उतरलं मस्कतला. २०१२ मध्ये याच शहरात अमेरिका आणि इराणचे अधिकारी गुपचूप भेटले. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. त्या वाटेवरून चालत २०१५ चा अणुकरार झाला. त्याच वर्षी शेजारचे देश येमेनच्या युद्धात उतरले. येमेनला खेटून असलेला ओमान उतरला नाही. एडनहून पळवून नेलेले केरळचे एक धर्मगुरू दीड वर्षानं, सप्टेंबर २०१७ मध्ये सुटले, तेही ओमानमार्गेच.

जानेवारी २०२० मध्ये काबूस गेले. हैसम बिन तारिक सुलतान झाले. रीत तीच राहिली.

(मस्कत, बंद फाटक. आत जाणाऱ्या काळ्या गाड्या.)

१२ एप्रिल २०२५. एका खोलीत अमेरिकेचे दूत स्टीव्ह विटकॉफ, दुसऱ्या खोलीत इराणचे परराष्ट्रमंत्री अब्बास अराघची. आणि मधे ये-जा करणारे ओमानचे परराष्ट्रमंत्री बद्र अलबुसैदी. इकडचं म्हणणं तिकडं पोचवायचं, तिकडचं इकडं. अडीच तासांहून जास्त वेळ हे चाललं. शेवटी निघताना दोन्ही प्रमुख काही मिनिटं समोरासमोर बोलले. मे महिन्यात येमेनमधले हुथी बंडखोर आणि अमेरिका यांच्यातला शस्त्रसंधीही ओमाननंच जुळवून आणला.

अणुचर्चेच्या पाच फेऱ्या झाल्या. सहावी मस्कतला १५ जूनला ठरली होती. १३ जूनला इस्राएलनं इराणवर हल्ला केला आणि ती फेरी झालीच नाही.

(खसब, दिवस मावळताना. निवेदन सावकाश.)

माल भरून झालाय. दोराला शेवटची गाठ. होडी इतकी भरलीय की कड पाण्याला टेकायची बाकी आहे. सकाळी बकऱ्या वर देणारा पोरगा आता खोक्यांवर बसलाय, तोंड इराणकडं.

(इंजिन सुरू. होडी दिसेनाशी होईपर्यंत दृश्य कापायचं नाही.)