भायलो आणि भागाकार

मघाशी चहा घेताना एकजण म्हणाले, "सर, आज गोव्यातल्या भायल्यांवर, म्हणजे बाहेरून आलेल्यांवर बोला. चोऱ्यामाऱ्या सगळ्या तेच करतात." बोलतो. पण त्याआधी थोडा भागाकार करू.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग गुन्ह्यांचं प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे काढतो. 2011 च्या जनगणनेत आपण गोवेकर होतो साधारण 14 लाख 58 हजार. वर्षाला पर्यटक येतात ते याच्या कितीतरी पट. आता समजा कळंगुटला मोबाईल गेला. ज्याचा गेला तो दिल्लीचा, ज्याने नेला तो तिसऱ्याच राज्यातला. गुन्हा वरच्या आकड्यात जमा, आणि खाली भागायला कोण? पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे आपण!

दुसरी गोष्ट वयाची. बेल्जियमचा अदॉल्फ केतले मूळचा खगोलशास्त्रज्ञ. त्याने 1831 मध्ये फ्रान्समधल्या न्यायालयांचे आकडे वयानुसार मांडले. गुन्ह्याकडे कल पंचविशीच्या सुमारास सर्वांत जास्त, मग उतरत जातो. आणि पुरुष बायकांच्या कितीतरी पुढे. ते आजही तसंच. भारतातल्या तुरुंगांत शंभरात चारेक बायका असतात.

आता वेर्ण्याच्या, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींजवळच्या भाड्याच्या खोल्या आठवा. एकेका खोलीत पाच-सहाजण, विशी-तिशीतले, बायकापोरं गावी. त्यांची तुलना आपण करतो अख्ख्या वाड्याशी, म्हणजे जपमाळ ओढणाऱ्या आजीशी आणि शाळेतल्या नातीशीही. करायचीच तर आपल्या त्याच वयाच्या मुलग्यांशी करा. शिवाय कागद कुणाचे तपासले जातात? भाडेकरूचे. जिथे जाळं टाकाल तिथलंच नुस्तं, म्हणजे मासळी, मिळणार.

दुपट्ट्याने गळा आवळून मुलींना मारणारा शिरोड्याचा महानंद नाईक, म्हणजे दुपट्टा-खुनी, 2009 मध्ये सापडला. तो काही रेल्वेतून उतरलेला नव्हता. गरीब घरच्या, लग्न न जमलेल्या मुली त्याने हेरल्या, लग्नाचं आमिष दाखवलं, दागिने घालून यायला सांगितलं. लग्न लांबलेल्या घरातली काळजी कशी असते, हे त्याला आतून ठाऊक होतं.

आणि जमिनी. खोट्या विक्रीखतांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की सरकारला 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं, शिवाय निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग. कुठलं घर वर्षानुवर्षं बंद आहे, भाटकार (जमीनमालक) वारला की लिस्बनला गेला, मागे विचारणारं कोणी उरलंय का, पोर्तुगीज काळातला दस्त दिसतो कसा, हे सगळं माहीत असल्याशिवाय तो धंदा चालत नाही. हे विशीतल्या पोराचं काम नव्हे. मोबाईल हिसकायला पाय लागतात, जमीन हिसकायला ओळखी; आणि त्या जमेपर्यंत केस पिकतात.

तेव्हा चहावाल्या सद्गृहस्थांना माझा उलट प्रश्न : तुमच्या वाड्यावरच्या बंद घराची चौकशी शेवटची कोणी केली होती, आणि ते काय नात्याने विचारत होते?